इनबाईच्या फ्रिजचं कुलूप

मनकर्णाबाई मेहरे यांचा पहिला अल्बम निघाला तेव्हा त्या साठीला आल्या होत्या. अल्बम निघावा अशी त्यांची इच्छा नव्हती आणि निघू नये अशीही नव्हती. रेकॉर्डिंगच्या दिवशी मेथी काढायची आहे, एवढाच मुद्दा त्यांनी मांडला होता. तो मान्य होऊन तारीख पुढे गेली आणि मेथी विकून झाल्यावर त्या गायिका झाल्या.

त्या माझ्या सासूबाईंच्या सगळ्यांत धाकट्या बहीण, म्हणून वयाने जवळपास माझ्याएवढ्या असूनही मी त्यांना मावशी म्हणतो. अचलपूरला गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि सणाच्या बेताने झेंडू. माल घेऊन त्या परतवाड्याच्या बाजारात बसतात. त्यांनी भाव सांगितला की चार दुकानं पलीकडचं गिऱ्हाईक आपल्यालाच विचारलं असं समजून थांबतं. त्यांचे यजमान किसनराव मळ्यातच असतात. घरात आवाज एकच पुरे, असं त्यांचं मत आहे.

त्यांच्या जोडीला गोदाबाई. या किसनरावांच्या थोरल्या बहीण, म्हणजे मावशींच्या नणंद. फार लवकर विधवा झाल्या आणि तेव्हापासून इथेच आहेत. गोदाबाई बोलत नाहीत म्हटलं तरी चालेल. चहा हवा का विचारलं तर कप पुढे करतात. मात्र लग्नाच्या पंगतीत मावशींनी पहिली ओळ टाकली की याच गोदाबाई अशी काही दुसरी ओळ देतात की वाढपी थांबतात.

आमच्याकडे लग्नात मुलीकडच्या बायका मुलाच्या आईला गाण्यातून नावं ठेवतात. विहिणीला आमच्याकडे ईन म्हणतात, मान देऊन इनबाई. इनबाई जेवायला बसली की तिच्या समोर उभं राहून, तिचं नाव घेऊन, ती किती कंजूष, किती आळशी, किती खादाड हे चालीवर सांगायचं. इनबाईने मान खाली घालून जेवायचं. गाणं संपेपर्यंत हसायचं नाही. हसली तर गाणाऱ्यांना खण द्यावा लागतो. गाणं संपल्यावर तिच्याकडच्या बायका उत्तर देऊ शकतात. ज्या इनबाईवर गाणं झालं नाही तिला लग्नात कोणी विचारलं नाही असं समजलं जातं, आणि ती तसं पुढे अनेक वर्षं सांगते.

या कामात मावशी आणि गोदाबाईंचा हात कोणी धरला नव्हता. पद्धत ठरलेली. मावशी आरोप ठेवणार, गोदाबाई पुरावा देणार. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, पार अकोल्यापर्यंत त्यांना बोलावणं येई. अलीकडे बुफे आल्यामुळे इनबाई एका जागी बसत नाही. ताट घेऊन हिंडणाऱ्या बाईच्या मागे हिंडत गावं लागतं. तेही त्यांनी केलं.

मावशींचे दोन नियम होते. पहिला मला माहीत होता, दुसरा पुढे कळला. पहिला असा, की ठेवलेलं नाव खोटं पाहिजे. जी बाई हात सैल सोडून वाढते तिलाच कंजूष म्हणायचं. खरोखरच्या कंजूष बाईला कधी कंजूष म्हणायचं नाही, तिला खादाड म्हणायचं.

"खरं बोललं तर भांडन होते, जवाईबापू," त्या मला म्हणाल्या होत्या. "खोटं बोललं तर लगन होते."

गजेंद्र नावाच्या तरुणाने दर्यापूरच्या एका लग्नात त्यांना ऐकलं. अकोल्यात गुरांच्या सरकी-ढेपेच्या दुकानावर माडीवर त्याचा स्टुडिओ आहे. निवडणुकीत तो प्रचाराची गाणी करतो, उरलेल्या काळात वाढदिवसाची. याचा अल्बम झाला पाहिजे, असं त्याने लग्नातच जाहीर केलं. संगीताशी माझा संबंध एवढाच, की माझ्याकडे गाडी आहे. मी अमरावतीला एका कंपनीच्या हिशेब खात्यात आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. रविवार बघून मी दोघींना अचलपूरहून घेतलं आणि अकोल्याला नेलं.

स्टुडिओत पहिली अडचण नावाची आली. गजेंद्रने जोडीला 'वऱ्हाडी सिस्टर्स' असं नाव ठरवलं होतं.

"आमी बहिनी नाही," मावशी म्हणाल्या. "नणंद-भावजय हाओ."

"काकू, ते स्टाइलसाठी असते."

"अरे, पन लोकं म्हन्तीन ना, किसनरावानं बहिनीसंगच लगन केलं काय?"

गजेंद्रने अल्बमचं नाव 'नणंद-भावजय' केलं.

दुसरी अडचण मोठी होती. दोघींना त्याने कानाला हेडफोन लावले आणि काचेच्या आत उभं केलं. भिंतींना चारी बाजूंनी फोम. कानात ताल यावा म्हणून टिकटिक सोडली. दोघी गप्प. त्याने खूण केली. दोघी गप्प. मग गोदाबाईंनी हेडफोन काढला आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलल्या.

"भितीले गाद्या लावल्या. ईन कुठी हाय?"

गजेंद्रने समजावून सांगितलं की ईन नसते, मायक्रोफोन असतो. मावशींनी त्याला समजावून सांगितलं की मायक्रोफोन जेवत नाही. बराच विचार होऊन शेवटी आत एक खुर्ची ठेवण्यात आली. तिच्यासमोर स्टुलावर ताट, ताटात खालच्या हॉटेलातून आणलेला बुंदीचा लाडू. मी माझी पिशवी त्या खुर्चीवर ठेवली तर गोदाबाईंनी ती उचलून खाली ठेवली. तिथे इनबाई बसली होती.

आता तिचं नाव पाहिजे. नाव घातल्याशिवाय हे गाणं सुरूच होत नाही.

"कोनतंही टाका ना काकू," गजेंद्र म्हणाला.

"कोनतंही कसं टाकू? जिचा मान हाय तिचंच टाकावं लागते."

मान कोणाचा हे ठरलेलं होतं. मावशींची धाकटी मुलगी पौर्णिमा हिचं लग्न जमलं होतं. पौर्णिमा औषधशास्त्र शिकलेली आहे आणि परतवाड्यात औषधाच्या दुकानात काम करते. मुलगा कुलदीप, अकोल्याचा. हे स्थळ मीच सुचवलं होतं, कारण मुलाचे वडील खुशालराव कॉलेजात माझ्याबरोबर कॉमर्सला होते. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं, लग्न उन्हाळ्यात धरलं होतं. तेव्हा मावशींची पुढची ईन म्हणजे कुलदीपची आई रागिणीबाई. पहिल्या अल्बमात पहिलं गाणं आपल्या होणाऱ्या इनबाईवर, यापेक्षा मोठा मान मावशींना सुचत नव्हता. रागिणीबाईंनी साक्षगंधाला सगळ्यांना आग्रहाने श्रीखंड वाढलं होतं, म्हणून नियमाप्रमाणे त्यांना कंजूष ठरवण्यात आलं.

टिकटिक बंद केली. गोदाबाईंनी घरून आणलेली परात उपडी घातली आणि बांगड्यांच्या हाताने ठेका धरला. रिकाम्या खुर्चीकडे बघून मावशींनी सुरुवात केली:

आल्या आल्या रागिणीबाई, अकोल्याची ईन,
फ्रिजले कुलूप लावून राखते रातदिन.

आणि गोदाबाईंनी पुरावा दिला:

किल्ली बांधली पदराले, गाठी मारल्या तीन,
मांजर म्हने, 'मी उपाशी, हे कोन्या गावची ईन!'

एकदाच गायलं. पुन्हा गाऊन घ्यायचं गजेंद्रच्या मनात होतं, पण तोवर लाडू मावशींनी खाल्ला होता.

अल्बम संक्रांतीच्या सुमारास मोबाइलवर आला. ट्रॅक्टरवाल्यांसाठी पेन ड्राइव्हवरही आला. पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. नंतर अकोल्यातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने फ्रिजच्या जाहिरातीसाठी दारावर हे गाणं लावलं आणि मग ते सगळीकडे झालं. लग्नाच्या बँडने घेतलं. ऑटोवाल्यांनी घेतलं. परतवाड्याच्या बाजारात लोक मेथी विकत घेऊन वर मावशींना 'मांजर काय म्हणते?' असं विचारू लागले. अमरावतीच्या एका साप्ताहिकात परीक्षण आलं. कुलूप हे स्त्रीच्या दडपलेल्या आकांक्षांचं आणि मांजर हे तिच्या मुक्त मनाचं प्रतीक आहे, असं त्यात म्हटलं होतं. मी ते वाचून दाखवलं. मावशींनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मांजर मांजरच हाय," त्या म्हणाल्या. "पन लिहिलं चांगलं हाय त्यानं."

त्यानंतर मला खुशालरावांचा फोन आला. म्हणजे नंबर त्यांचा होता, बोलल्या रागिणीबाई.

"भाऊजी, स्थळ तुमीच आनलं होतं, म्हनून पहिले तुमाले सांगते. मले या लग्नाचा पुन्हा इचार करावा लागते."

गाण्याचा राग आला असावा असं समजून मी आमच्याकडची पद्धत सांगू लागलो. त्यांनी मला मधेच थांबवलं. पद्धत त्यांना माहीत होती. त्यांच्या आईनेही पंगतीत लोकांच्या इनी कमी छळल्या नव्हत्या. मुद्दा वेगळा होता. त्यांच्या फ्रिजला खरोखर कुलूप होतं.

खुशालरावांना साखर आहे. ती त्यांनी नातेवाइकांपासून लपवली आहे, त्यामुळे घरात पेढे येत राहतात, आणि ते खुशालरावांच्या हाती लागू नयेत म्हणून फ्रिजला कुलूप आहे. हे घरातल्या माणसांखेरीज एकाच व्यक्तीला माहीत होतं. साक्षगंधानंतर पौर्णिमा एकदा अकोल्याला जेवायला गेली होती. बर्फ काढायला रागिणीबाईंनी तिच्याच हातात किल्ली दिली होती.

"घरात यायच्या आधीच पोरगी घरातलं बाहेर नेऊन राहिली," रागिणीबाई म्हणाल्या. "आज कुलूप गेलं. उद्या आमच्या याइची साखर गान्यात येईन. भिशीतल्या बाया मले इचारतेत, किल्ली खरंच पदराले बांधता काय? मी काय सांगू? बांधते."

मी अचलपूरला गेलो. मळ्यात मावशी वांगी तोडत होत्या. ऐकल्यावर त्या तिथेच बांधावर बसल्या. किसनराव पाण्याची मोटार बंद करून आले आणि शेजारी उभे राहिले. संध्याकाळी पौर्णिमा दुकानातून आली तेव्हा मावशींनी तिला समोर बसवलं.

"तुनं त्याइच्या फ्रिजले कुलूप पाह्यलं होतं काय?"

"हो."

"मले काहून नाही सांगतलं?"

"कोनाच्या घरातलं काहून सांगू?" पौर्णिमा म्हणाली. "दुकानात रोज लोकं गोळ्या नेतेत. मी कधी सांगतलं, कोन कायच्या नेते ते?"

मावशींनी कपाळाला हात लावला.

"अवं बाई, सांगतलं असतं तर मी ते गायलंच नसतं!"

पौर्णिमा त्यावर रडली नाही. लग्न मोडलं तर मोडो, असं म्हणाली. फक्त पुढच्या स्थळाकडे ही गोष्ट आपल्या आधी पोचेल, आणि चुगलखोर म्हणून लागलेलं नाव खोटं असलं तरी कोणी त्यावर हसणार नाही, एवढं तिने सांगितलं. मग ती स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी पोळ्या जरा जाड झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना घेऊन पुन्हा अकोल्याला निघालो. दर्यापूरच्या पुढे गोदाबाई म्हणाल्या, "सांगशीन काय?"

"पाह्यते ना," मावशी म्हणाल्या.

"सांगतलं तर मंग कोनी गाऊ देनार नाही."

"माहीत हाय मले."

मला यातलं काही कळलं नाही. मी गाडी चालवत होतो.

रागिणीबाईंनी दारात 'या' म्हटलं. पाणी आलं. चहा आला नाही. वऱ्हाडात याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. खुशालराव कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. मला पाहून त्यांना बरं वाटलं असावं, पण तसं दाखवायची ती जागा नव्हती.

"इनबाई," मावशींनी सुरुवात केली, "आमी खोटंच गातो. खरं माहीत असतं तर मी तुमाले खादाड म्हनलं असतं."

"खोटं गाता तर खरं कसं निंगालं?"

"तेच सांगाले आली."

"माह्या घरात फ्रिजले कुलूप. तुमच्या गान्यात फ्रिजले कुलूप. किल्ली पदराले, तेही बरोबर. गाठी तेवढ्या मी तीन नाही मारत, दोन मारते. एवढं सारं बसल्या जागी सुचलं तुमाले?"

"मले एवढी काही साखर नाही तसं पाह्यलं तर," खुशालराव मधेच म्हणाले.

"तुमी गप बसा. तुमच्यापाईच हे झालं."

मावशी जमिनीकडे बघत होत्या. बाजारात चार दुकानांपलीकडे पोचणारा तो आवाज त्या दिवशी टीपॉयच्या पलीकडे जेमतेम पोचला.

"जवाईबापू, बार्शीटाकळीच्या पार्वताबाईले फोन लावा. मोठ्यानं बोलाचं करून."

गोदाबाई म्हणाल्या, "मनकर्णा."

"लावा तुमी."

पार्वताबाईंच्या मुलाचं लग्न बऱ्याच वर्षांपूर्वी अचलपूरला झालं, तेव्हा पंगतीत याच दोघी गायल्या होत्या. मी फोन लावला, स्पीकर सुरू केला. मावशींनी आपलं नाव सांगताच पलीकडून आवाज चढला.

"मीच तुमाले फोन करनार होती! माह्यावरचं गानं तुमी त्या अकोलेवालीच्या नावानं काहून टाकलं वो?"

रागिणीबाई फोनकडे वळल्या.

"तुमच्यावरचं काय होतं, म्हना बरं," मावशी म्हणाल्या.

पार्वताबाईंना आग्रह करावा लागला नाही. त्यांनी चालीवर म्हणून दाखवलं:

आल्या आल्या पार्वताबाई, टाकळीची ईन,
शिंक्याले कुलूप लावून राखते रातदिन...

"अजून गावात बाया म्हन्तेत," त्या म्हणाल्या. "माह्या नाती म्हन्तेत. 'इनबाई, खास तुमच्यासाठी बांधलं,' असं तुमीच तवा म्हनलं होतं मले. शिंक्याले कुलूप लागते काय कधी, म्हनून सारी पंगत हासली होती. आनं आता फ्रिज लावून दुसरीले देलं?"

तेव्हा मला मावशींचा दुसरा नियम कळला. प्रत्येक इनबाईला त्या सांगत, की हे खास तुमच्यासाठी बांधलं. त्यावरच त्यांचं सगळं नाव होतं. गाणं ज्यांनी मान खाली घालून ऐकलं होतं त्या गावोगावच्या बायकांनी ते आपल्या मालकीचं म्हणून जपलं होतं.

"पार्वताबाई," मावशी म्हणाल्या, "तुमच्या आधी ते मूर्तिजापूरच्या इनीवर गायलं होतं. तवा कपाटाले कुलूप होतं."



"आनं तिच्या आधी?" पार्वताबाईंनी विचारलं.

"तिच्या आधी माह्या सासूनं गायलं होतं. पेटीले. मी काही नवं नाही बांधलं. नाव बदलते आनं जिनस बदलते."

पार्वताबाईंनी फोन ठेवला. 'ठेवते' असंही म्हटलं नाही.

मावशींनी पदराने तोंड पुसलं. "पाहा इनबाई. माह्या पोरीनं काही सांगतलं नाही. शिंकं गेलं, फ्रिज आला, म्हनून मी फ्रिज टाकला. तुमच्या घरी खरंच निंगालं, हे माह्यं नशीब. पोरीले बोल लावू नका."

रागिणीबाईंनी पदराची गाठ चाचपली. मग म्हणाल्या, "म्हनजे पौर्णिमानं कोनालेच सांगतलं नाही."

"मायलेही नाही."

"किल्ली हातात देली होती मी तिच्या."

"हो ना."

रागिणीबाईंचा चेहरा मोकळा झाला. तो थोडा वेळ तसा राहिला आणि पुन्हा बदलला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "म्हनजे तुमच्या सासूनं कोनावर तरी गायलं. मंग मूर्तिजापूरवालीवर. मंग त्या पार्वताबाईवर. आनं आता मले? तीन बायाइचं उतरलेलं लुगडं धुऊन मले नेसवलं काय तुमी? पहिल्या अल्बमात?"

मावशींनी 'हो' म्हणून मान हलवली.

"चाहा ठेवते," रागिणीबाई उठत म्हणाल्या. "लगन होईन. पन हे मी सोडनार नाही."

त्या आत गेल्या. आतून कुलूप उघडल्याचा आवाज आला. दूध फ्रिजमध्ये होतं.

पार्वताबाईंनी मात्र ही बातमी स्वतःजवळ ठेवली नाही. पुढच्या दिवसांत गावोगावच्या इनबाईंचे फोन सुरू झाले. आपल्यावरचं गाणं आधी कोणावर झालं होतं, असं जी ती विचारे. मावशींनी कोणाला खोटं सांगितलं नाही. परिणाम व्हायचा तो झाला. त्या लग्नसराईत दोन-तीन ठिकाणची बोलावणी रद्द झाली. अल्बम मात्र जास्त चालू लागला, कारण प्रत्येक इनबाई आता दुसरीला तो ऐकवून 'हे माझ्यावरूनच घेतलं' असं सांगत होती. गजेंद्र खूश होता. दुसरा अल्बम करू म्हणाला. मावशींनी सांगितलं की गाणी संपली.

"संपली कशी, काकू?"

"तीनच होती, बापा. बाकी नावं होती."

किसनरावांनी तेवढ्या काळात यावर एकदाच मत दिलं. घर आता शांत वाटते, असं ते म्हणाले. ते त्यांना आवडलं होतं की नाही, ते कळलं नाही.

लग्न अचलपूरला झालं. बुफे होता, पण रागिणीबाईंनी आधीच निरोप पाठवला होता, की दोन्ही इनींसाठी एक पंगत जमिनीवर वाढा. सगळ्यांना वाटलं मावशींनी गावं असं त्यांच्या मनात असेल. मावशी खरं तर तयारीत नव्हत्या. गोदाबाई परात घेऊन आल्या होत्या, ती त्यांनी पाठीमागे ठेवली होती.

पंगत बसली. रागिणीबाईंनी वरणाची वाटी बाजूला केली, त्या ताटावरून उठल्या आणि मावशींच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे त्यांच्या भिशीतल्या बायका उभ्या राहिल्या. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की संक्रांतीपासून त्या गाण्याचं उत्तर राहिलं होतं. अल्बममध्ये एकाच बाजूने बोलता येतं. पंगतीत तसं चालत नाही.

गजेंद्र मंडपात होता. त्याने मोबाइल काढला.

चाल तीच होती.

आल्या आल्या मनकर्णाबाई, अचलपूरची ईन,
एकच गानं धुते, वाळवते, नेसते रातदिन.
नाव तेवढं उसवते, दुसरं लावते शिवून,
गानं म्हने, 'मी विटलं, मले सोड वो आता ईन!'

मंडपात जो काही आवाज झाला तो झाला. मावशींची मान खाली होती. आजवर शेकडो बायकांना त्यांनी असं बसवलं होतं, स्वतः मात्र कधी बसल्या नव्हत्या, कारण थोरल्या मुलींच्या लग्नात समोरच्या बायकांची यांना उत्तर द्यायची हिंमत झाली नव्हती. त्या जिलबीचा तुकडा मोडत होत्या. गाणं संपलं, आणि त्याच वेळी त्यांच्या नाकातून एक आवाज आला.

तो आवाज गजेंद्रच्या रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आहे. रागिणीबाईंच्या मते ते हसू होतं. गोदाबाईंनी तो ठसका आहे असा निर्णय दिला आणि त्यावर ठाम राहिल्या. मावशींनी निर्णयाची वाट पाहिली नाही. उष्ट्या हाताने उठून त्यांनी आतून एक खण आणायला सांगितला आणि रागिणीबाईंच्या ओटीत घातला.

"खास तुमच्यासाठी आनला," त्या म्हणाल्या.

रागिणीबाईंनी खणाची घडी उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिली.

"कोनाचा आलेला तर नाही ना?"

"दुकानातला हाय. पावती दाखवू काय?"

दाखवावी लागली नाही. गजेंद्रने ते उत्तर अल्बमात सगळ्यात शेवटी टाकलं, आवाजासकट. तो आवाज काढून टाकायचा त्याचा विचार होता, पण रागिणीबाईंनी नकार दिला. सध्या ते मूळ गाण्यापेक्षा जास्त ऐकलं जातं. पार्वताबाईंनी निरोप पाठवला आहे, की उत्तर त्यांनाही द्यायचं आहे. मूर्तिजापूरच्या इनबाईही विचार करत आहेत. गजेंद्रने दुसरा अल्बम असा करायचं ठरवलं आहे, की सगळ्या इनबाई गातील आणि खुर्चीवर मावशी बसतील. मावशींनी अजून होकार दिलेला नाही. त्या आठवड्यात वांगी तोडायची आहेत.

मी मागच्या महिन्यात अकोल्याला खुशालरावांकडे गेलो होतो. पौर्णिमाने चहा केला. फ्रिज उघडायला तिने कमरेची किल्ली काढली. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी रागिणीबाईंनी ती स्वतःच्या पदरातून सोडून तिच्या हातात दिली होती, हे मला तेव्हा कळलं. दूध काढून पौर्णिमाने कुलूप पुन्हा लावलं.

खुशालराव ते सगळं बघत होते. ती आत गेल्यावर ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "सून चांगली आनून देली तुनं. पन दोनदा मागून पाह्यलं, पेढा नाही देत."

"आत पेढे आहेत का पण?" मी विचारलं.

"तेही नाही सांगत," खुशालराव म्हणाले.